मिठाच्या पाण्याची बॅटरी : टिकाऊपणाच्या शोधाची दोनशे वर्षे



तुमच्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शाळेत इन्व्हर्टर आहे, त्यांना एक काम नेमाने करावे लागते. चार-सहा महिन्यांनी बॅटरीची झाकणे उघडायची, आत डोकवायचे आणि पाण्याची पातळी खाली गेलेली दिसली की डिस्टिल्ड वॉटर ओतायचे. आता प्रश्न असा, की हे पाणी जाते कुठे? बॅटरीला भोक नसते. उन्हात उघड्यावर ठेवलेले ते भांडेही नव्हे. मग लिटराच्या हिशेबाने पाणी कमी होते, ते कोण पिते?

ते वीज पिते. अधिक नेमके सांगायचे तर, बॅटरी भरताना आपण जी वीज आत घालतो, तिच्यातली थोडी वीज साठण्याऐवजी पाणी फोडण्यात खर्च होते. पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायू होतात आणि झाकणाच्या छिद्रांतून निघून जातात. आज ज्या बॅटरीची कथा मी सांगणार आहे, तिचे सगळे दुखणे या एका गोष्टीत आहे. ती बॅटरी सोडियमची, आणि तिच्यात तेलासारखे पेटणारे रसायन नसून साधे खारे पाणी असते. ती स्वस्त पडावी आणि तिने पेट घेऊ नये, म्हणून तिच्यामागे शास्त्रज्ञ लागले. पण ती टिकेना. ती का टिकेना, आणि टिकावी म्हणून कोणी काय केले, ते पाहण्यासाठी आपल्याला थेट १८०० सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी २० मार्चला इटलीतील प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. पत्रात एका नव्या साधनाचे वर्णन होते. चांदी किंवा तांब्याची एक चकती, तिच्यावर जस्ताची एक चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा, अशी भाकऱ्यांसारखी चवड रचायची. चवडीच्या दोन्ही टोकांना तारा लावल्या की वीज अखंड वाहू लागे. जगातली ही पहिली बॅटरी. आणि लक्षात घ्या, तिच्यातले पाणी मिठाचे होते.

पत्राची बातमी लंडनमध्ये पसरली आणि मे महिन्यातच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल या दोघांनी तशी चवड रचून तिच्या तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेकडे प्राणवायू गेला. विजेने पाणी फुटते, हे जगाला असे कळले. म्हणजे पाण्याची बॅटरी जन्मली, आणि दोन महिन्यांच्या आत तिचा वैरीही दिसला. पुढे १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या बॅटरीची वीज वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून नेली आणि प्रथमच शुद्ध सोडियम धातू वेगळा काढला. सोडियमची आणि बॅटरीची ओळख अशी जुनी आहे. शुद्ध सोडियम पाण्यात टाकला तर भडका उडतो, हे शिक्षकमंडळींना ठाऊक आहेच. पण आपल्या कथेतला सोडियम धातूच्या रूपात नाही. तो मिठात असतो तसा विद्युत्‌भारित कणाच्या, म्हणजे आयनाच्या रूपात आहे. तो पाण्यात सुखाने नांदतो.

आता वैऱ्याची ताकद मोजून घेऊ. पाणी फोडायला निदान १.२३ व्होल्टचा दाब लागतो. त्याखाली पाणी फुटत नाही. हे समजायला आपल्या पाझर तलावाचा सांडवा डोळ्यांपुढे आणा. तलावात पाणी सांडव्याच्या उंचीपर्यंतच साठते. वरून कितीही पाऊस पडो, सांडव्यावर आलेले पाणी वाहून जाते. पाण्याच्या बॅटरीला असा सांडवा निसर्गानेच १.२३ व्होल्टवर बांधून दिला आहे. त्याच्या वर विजेचा दाब चढवला की वीज साठण्याऐवजी बुडबुड्यांच्या रूपाने वाहू लागते.

तुम्ही म्हणाल, मग आमची इन्व्हर्टरची बॅटरी कशी चालते? तिच्यातही पाणी आहे, गंधकाम्ल मिसळलेले. आणि तिचा एकेक घट तर दोन व्होल्टचा असतो! शंका रास्त आहे. ही शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. तिच्यात सांडव्याची उंची वाढलेली नाही. सांडव्याचे तोंड चिंचोळे झाले आहे. शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा बुडबुडा तयार व्हायला फार नाखूश असतो. त्यामुळे पाणी फुटते, पण थेंबाथेंबाने. त्या थेंबांचा हिशेब आपण डिस्टिल्ड वॉटर ओतून चुकता करतो. एडिसन यांनी १९०१ च्या सुमारास निकेल आणि लोखंडाची बॅटरी पुढे आणली. तिच्यात आम्लाऐवजी क्षाराचे पाणी होते. ती धक्काबुक्की सोसून वर्षानुवर्षे चाले, पण लोखंडावर हायड्रोजन सहज सुटतो, म्हणून तिची पाण्याची तहान मोठी. एकंदरीत शंभर वर्षांच्या खटपटीतून एवढे उमजले, की पाण्याचे फुटणे पुरते थांबवता येत नाही, पण ते मंद करता येते. कोणत्या पदार्थाची प्लेट घ्यायची आणि पाणी आम्लाचे ठेवायचे की क्षाराचे, यावर सगळे अवलंबून आहे.

१९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिने पाण्याचा नादच सोडला. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रव घेतला, म्हणून एका घटातून साडेतीन व्होल्टच्या वर दाब मिळू लागला. आज आपल्या खिशातला फोन तिच्यावर चालतो. पण तो सेंद्रिय द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी बिघडली, फार तापली, तर पेट घेते. खिशातल्या फोनपुरती ही जोखीम लहान. पण गावाला रात्रभर पुरेल एवढी सौर वीज साठवायची तर शेकडो किलो बॅटऱ्या एकत्र ठेवाव्या लागतात. म्हणून कॅनडातील जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लिथियमची बॅटरी पुन्हा पाण्यात उतरवून पाहिली. ती दीड व्होल्टच्या आसपास चालली. ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला, कौतुकही झाले. पण तिचा साठा लवकरच घसरत गेला. टिकाऊपणाचा प्रश्न तिथेच उघडा पडला.

आता लिथियमच्या जागी सोडियम का? पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे अडीच टक्के सोडियम आहे. लिथियम शंभरात नव्हे, लाखात दोन भाग. शिवाय समुद्र सोडियमनेच खारट झालेला आहे. भाईंदर-उरणच्या मिठागरांत मिठाचे ढीग ज्याने पाहिले आहेत, त्याला सोडियमचा दुष्काळ पडेल अशी भीती वाटणार नाही. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा आणि जड, म्हणून त्याची बॅटरीही जड होते. पण घराच्या कोपऱ्यात किंवा पंपाच्या खोलीत बसून राहणाऱ्या बॅटरीला वजनाचे ओझे कसले?

ही बॅटरी चालते कशी, तेही थोडक्यात पाहू. शेजारी शेजारी दोन कणग्या आहेत असे समजा. मधल्या अंगणात खारे पाणी. कणग्या म्हणजे बॅटरीच्या दोन प्लेटा, आणि धान्य म्हणजे सोडियमचे आयन. बॅटरी भरताना हे धान्य धन कणगीतून ऋण कणगीत जाते. वीज वापरताना परत येते. असा एक फेरा पुरा झाला म्हणजे बॅटरी एकदा भरली आणि एकदा उपसली गेली. कणग्यांच्या भिंती शाबूत राहिल्या, तर असे हजारो फेरे व्हायला हरकत नाही. भिंतीला चिरा पडल्या की धान्य सांडते.

हे सूत्र धरून अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक जे व्हिटेकर यांनी २००८ मध्ये अक्वियन एनर्जी ही कंपनी उभारली. त्यांची धन प्लेट मँगनीजच्या ऑक्साइडची. ऋण प्लेटीत कोळसा, आणि पुढे त्यासोबत सोडियम टायटॅनियम फॉस्फेट नावाचा पदार्थ. पाण्यात सोडियम सल्फेट विरघळवलेले. खाण्याचे मीठ नव्हे, पण त्याच्याच कुळातला हा क्षार. पेन्सिल्व्हेनियात जिथे एके काळी सोनीचे दूरचित्रवाणी संच तयार होत, त्या जुन्या कारखान्याच्या आवारात या बॅटऱ्या तयार होऊ लागल्या. बिल गेट्स यांच्यासारख्यांनी पैसा घातला. व्हिटेकर यांना २०१५ मध्ये लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले, पाच लाख डॉलरांचे. ‘मिठाच्या पाण्याची बॅटरी’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

आणि मार्च २०१७ मध्ये अक्वियन दिवाळखोरीत निघाली. पुढे तिची मालमत्ता दुसऱ्यांनी विकत घेतली. बॅटरी पेटत नव्हती, हे खरे. पण वजनाच्या मानाने तिच्यातला साठा थोडा होता, आणि त्याच वर्षांत लिथियमची बॅटरी झपाट्याने स्वस्त होत गेली. पाण्याच्या सांडव्याखाली राहायचे तर साठा कमी. साठा वाढवायला वर चढायचे तर पाणी फुटून आयुष्य कमी. या कात्रीतून बाहेर पडायचे तर पाण्याची बॅटरी उंच दाबावर टिकली पाहिजे होती.

कंपनीचे भाग्य असे वरखाली होत असताना प्रयोगशाळांत काम चाललेच होते. बॅटरीच्या भिंतींना चिरा कशाने पडतात, याचा तिथे कसून तपास झाला. तीन चोर सापडले.

पहिला चोर पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मासे ज्यावर जगतात, तोच. शांघायच्या फुदान विद्यापीठातील योंगयाओ शिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की भरलेल्या ऋण प्लेटीतून हा प्राणवायू साठवलेली वीज परस्पर खातो. त्यांनी लिथियमच्या पाण्यातल्या बॅटरीतून प्राणवायू काढून टाकला, पाण्याचा आम्ल-क्षारपणा सांभाळला, प्लेटीवर कार्बनचा लेप दिला. एक हजार फेऱ्यांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक साठा उरला. सोडियमवाल्यांनीही तो धडा घेतला.

दुसरा चोर हायड्रोजन. सोडियम टायटॅनियम फॉस्फेट ही ऋण प्लेट पाण्यात चालते, हे जपानच्या क्युशू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले होते. पदार्थ चांगला, पण आकडे पाहा. साध्या, ना आम्ल ना क्षार अशा पाण्यात हायड्रोजन उणे ०.४१ व्होल्टच्या खाली सुटू लागतो, आणि ही प्लेट काम करते उणे ०.६ च्या आसपास. म्हणजे ती सांडव्याच्या वरच बसली आहे. सावकाश भरली, भरून ठेवली, की हायड्रोजन झिरपत राहतो. शिवाय पाण्यातून हायड्रोजन निघून गेला की प्लेटीजवळ क्षार साचतो आणि तो प्लेट पोखरतो.

तिसरा चोर विरघळणे. धन प्लेटीतला मँगनीज हळूहळू पाण्यात उतरतो आणि कणगीची भिंत झिजते. इथे एका जुन्या रंगाने नवी आशा दाखवली. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आहे. त्याची रचना जाळीदार, मोठ्या खिडक्यांची. आयन त्यातून सहज ये-जा करतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी चुई, रॉबर्ट हगिन्स आणि कॉलिन वेसेल्स यांनी याच जातीचा, तांबे असलेला पदार्थ पाण्यात वापरून २०११ मध्ये चाळीस हजार फेरे घेतले, आणि तरीही ८३ टक्के साठा शाबूत राहिला. त्यांच्या पाण्यात सोडियमऐवजी पोटॅशियम होते. तांब्याच्या जागी मँगनीज घातला तर वीज अधिक साठते आणि खर्चही कमी येतो; पण मँगनीज आला की तिसरा चोरही मागोमाग येतो.

मग एक धाडसी विचार निघाला. चोरी करणारे पाणी मोकळे असते म्हणून करते. त्याला मोकळे ठेवूच नये! मेरिलँड विद्यापीठातील चुनशेंग वांग आणि अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतील कांग शू यांच्या गटाने २०१५ मध्ये एक किलो पाण्यात लिथियमचा एक क्षार जवळजवळ सहा किलो विरघळवला. आपण पाण्यात मीठ घालतो. त्यांनी मिठात पाणी घातले म्हणा ना. घट्ट पाकात जसे पाणी साखरेला बांधले जाते, तसा इथला पाण्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू आयनांच्या सेवेत अडकला. सांडवा १.२३ वरून सुमारे तीन व्होल्टपर्यंत चढल्यासारखा झाला. २०१७ मध्ये सोडियमचा क्षार घेऊन हाच प्रयोग झाला, तेव्हा अडीच व्होल्ट मिळाले. अडचण एकच, पण मोठी. हे क्षार फ्लोरिनयुक्त आणि महाग आहेत. स्वस्ताईसाठी सोडियम घ्यायचा आणि पाण्यातच किलो-किलोने महाग क्षार ओतायचा, हा हिशेब गरिबाच्या घरी कसा जुळावा?

त्यानंतरचे पाऊल ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठात पडले. शिझांग चियाओ यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी महाग क्षार टाळला आणि पाणीच अल्कधर्मी केले. आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी जसे साबणासारखे बुळबुळीत लागते, त्या जातीचे. असे केल्याने काय होते? पाणी जितके अल्कधर्मी, तितकी हायड्रोजन सुटण्याची पायरी खाली जाते. अगदी तीव्र क्षाराच्या पाण्यात ती उणे ०.८३ व्होल्टवर पोचते. उणे ०.६ वर काम करणारी टायटॅनियमची प्लेट आता सांडव्याच्या आत आली. दुसरा चोर अडकला.

पण निसर्ग असा फुकट काही देत नाही. एका टोकाला सांडवा जेवढा सरकतो, तेवढाच दुसऱ्या टोकालाही सरकतो. क्षाराच्या पाण्यात हायड्रोजन अवघड झाला, तर धन प्लेटीवर प्राणवायू सुटणे सोपे होते. आणि मँगनीजची निळी जाळी क्षारात अधिकच झिजते. अ‍ॅडलेडच्या मंडळींनी त्या प्लेटीवर निकेल आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिला. त्यामुळे सगळे पाणी क्षाराचे असूनही प्लेटीला लागून असलेला पाण्याचा पातळ थर आम्लाकडे झुकलेला राहतो. विहिरीचे पाणी मचूळ असले तरी माठापुरते गोड करून घ्यावे, तसे. शिवाय थोडे निकेल जाळीत शिरून तिच्या रिकाम्या जागा भरते आणि भिंत पक्की होते. या घटाने १३,००० फेरे पुरे केले.

तेरा हजार! रोज एक फेरा धरला तर पस्तीस वर्षे. आणि इथेच मी तुम्हाला, विशेषतः शिक्षकांना, थांबून हिशेब करायला सांगणार आहे. हे फेरे फार जलद घेतलेले आहेत. सहा मिनिटांत भरणे, सहा मिनिटांत उपसणे, असा त्या चाचणीचा वेग. म्हणजे एक फेरा बारा मिनिटांचा. तेरा हजार फेऱ्यांची मिनिटे होतात १,५६,०००, आणि त्यांचे दिवस सुमारे १०८. म्हणजे साडेतीन महिने. त्या प्लेटांनी पस्तीस वर्षांचे फेरे सोसले, पण पस्तीस वर्षांचा काळ सोसला असे त्यावरून ठरत नाही. चोर काळाच्या हिशेबाने चोरी करतो. दिवसभर सावकाश भरलेली आणि रात्रभर भरून उभी असलेली बॅटरी त्याला अधिक सवड देते. ज्वारीची पेंढी खळ्यावर किती वेळा उचलली हे एक, आणि ती पावसाळाभर बाहेर राहिली तर किती टिकेल हे दुसरे. यात शास्त्रज्ञांच्या कामाला उणेपणा नाही. सगळ्या प्रयोगशाळा असेच मोजतात. पण फेऱ्यांचा आकडा ऐकून आपण हुरळून जाऊ नये.

हे मी एवढे का सांगतो? कारण टिकाऊपणा म्हणजेच किंमत. समजा, दहा हजारांची एक बॅटरी हजार फेरे देते; तिचा एक फेरा दहा रुपयांना पडला. दुसरी पंधरा हजारांची, पण पाच हजार फेरे देते. तिचा फेरा तीन रुपयांना. दुकानात पहिली स्वस्त, घरात दुसरी. सौर दिव्यासाठी किंवा इन्व्हर्टरसाठी कर्ज काढून बॅटरी घेणाऱ्या माणसाची बॅटरी हप्ते फिटण्याआधी मेली, तर त्याला शास्त्राची कोणतीही कथा दिलासा देणार नाही. म्हणून मिठाच्या पाण्याची असो, शिशाची असो की लिथियमची, विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. फेरे किती? ते किती वेगाने मोजले? आणि हमी किती वर्षांची, फेऱ्यांची नव्हे?

शाळेत हा सगळा इतिहास एका तासात दाखवता येतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. मीठ घालू नका, त्याने क्लोरिन वायू सुटतो. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून पाण्यात उभ्या करा आणि वरच्या टोकांना नऊ व्होल्टच्या लहान बॅटरीच्या तारा जोडा. घरातल्या विजेला हात लावायचा नाही, आणि जवळ काडी पेटवायची नाही. ऋण बाजूला भराभर बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. आता नऊ व्होल्टची बॅटरी काढून टॉर्चचा एकच दीड व्होल्टचा सेल जोडा. बुडबुडे जवळजवळ दिसणार नाहीत. दीड हा आकडा १.२३ पेक्षा मोठा आहे, तरी पाणी फुटायला का कू करते आहे. मुलांना विचारा, असे का? उत्तर मिळाले नाही तरी चालेल. त्याच प्रश्नाच्या मागे व्होल्टांच्या मिठाच्या चवडीपासून अ‍ॅडलेडच्या क्षाराच्या पाण्यापर्यंत दोनशे वर्षे माणसे बसली आहेत, आणि त्यांचे काम अजून संपलेले नाही.